चपला काढून पाहायचं घर

थ्रीडीभाऊ न बांधलेल्या घरात शिरण्याआधी चपला काढायचे. कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ नको म्हणून चपला बाहेर ठेवायची पद्धत त्या काळी सगळीकडेच होती, पण भाऊंचं तसं नव्हतं. खुर्चीपर्यंत ते चपला घालूनच यायचे. पडद्यावर कुणाचं तरी घर उघडलं, पुढचा दरवाजा दिसला, की मग चपला टेबलाखाली सारायचे आणि समोरच्या गिऱ्हाइकाकडे बघायचे. “काढा. लोकांच्या घरात चपला घालून शिरतं का कुणी?” गिऱ्हाईक म्हणायचं, “भाऊ, घर तर माझंच आहे.” “मग तर काढायलाच पाहिजेत,” भाऊ म्हणायचे. प्लॉटवर तेव्हा नुसत्या बाभळी आणि गाजरगवत असायचं. तरी यावलकडचे केळीवाले, पाचोऱ्याचे कापूसवाले, भलेभले लोक मुकाट्याने जोडे काढायचे आणि पाय वर घेऊन बसायचे.

त्यांचं खरं नाव ऑफिसच्या पाटीवर होतं, खाली इंजिनिअरची पदवीही होती, पण जळगावात त्या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. नव्वदच्या दशकाचा मधला काळ होता. गावातले बाकीचे इंजिनिअर निळ्या रेघांचे नकाशे गुंडाळून लोकांच्या हातात द्यायचे आणि लोक ते उलटे धरून मान हलवायचे. भाऊंनी मुंबईहून कॉम्प्युटर आणला, आणि ते त्याच्यावर घर उभं करून, चारी बाजूंनी फिरवून दाखवायला लागले. तेव्हापासून ते थ्रीडीभाऊ झाले. हे नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही. त्यांनी स्वतःच ठेवलं असेल तरी मला नवल वाटणार नाही.

मी त्यांच्याकडे लागले तेव्हा आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स नुकताच संपला होता. घरी आम्ही दोघीच, मी आणि आई. वडील एसटीत कंडक्टर होते, ते मी शाळेत असतानाच गेले. ऑफिसात माझ्याआधीपासून दोन पुरुष ड्राफ्ट्समन होते, पण भाऊंनी पहिल्याच दिवशी माउस माझ्या हातात दिला. त्या दोघांची तोंडं पाहण्यासारखी झाली. “हिला अजून काही येत नाही,” भाऊ त्यांना म्हणाले, “म्हणून हिला लवकर येईल. तुम्हाला आधी येतंय ते विसरावं लागेल.” त्या एका वाक्यावर मी पुढची काही वर्षं त्यांच्या ऑफिससाठी जीव टाकला. आजही ते वाक्य आठवलं की माझा राग दोन पावलं मागे सरतो. मग पुन्हा जागेवर येतो, ती गोष्ट वेगळी.

सॉफ्टवेअर अमेरिकेतलं होतं. भाऊंच्या एका मित्राच्या मुलाने फ्लॉप्यांवर घालून पाठवलेलं. भिंती काढल्या की कपाटं, जिने, कठडे, छप्परं सगळं त्यात तयार मिळायचं, उचलून ठेवायचं. पण सगळं तिकडचं. देवघर नव्हतं. शेकोटीच्या जागा मात्र हव्या तेवढ्या. आम्ही एक शेकोटी उचलायचो, आतली लाकडं आणि जाळ पुसून टाकायचो, वर छोटासा कळस बसवायचो, झालं देवघर. गिऱ्हाईक बसल्या जागेवरून हात जोडायचं. तुळशीवृंदावन आम्ही कशापासून केलं होतं ते मात्र कुणाला सांगायचं नाही, अशी भाऊंची सक्त ताकीद होती, आणि ती मी अजून पाळते. छपराचं बटण दाबलं की घरावर दोन्हीकडून उतरतं छप्पर आपोआप बसायचं, बर्फ घसरून पडावा म्हणून. आमच्याकडे बर्फ फक्त उसाच्या रसात. रावेरच्या एका पाटलांनी मान वाकडी करून ते छप्पर दोन्ही बाजूंनी बघितलं. मग म्हणाले, “भाऊ, दिसाले झ्याक आहे. पण उन्हायात याच्यावर झोपाचं कसं? घरंगयत खाली यायचं का?” भाऊ इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. त्यानंतर छपराचा उतार मारून सपाट स्लॅब कसा करायचा, हे आम्ही दोघांनी डोकं लावून शोधून काढलं.

लाईट केव्हाही जायची. दुपारभर खपून उभा केलेला जिना, कठड्यासकट, डोळ्यांदेखत काळ्या पडद्यात बुडायचा. त्यामुळे भाऊंचं एक वचन ऑफिसात दिवसातून कितीदा तरी ऐकू यायचं, “सेव्ह केलं ते आपलं, राहिलं ते देवाचं.” सकाळी नमस्काराऐवजीही “सेव्ह केलं का?” हाच प्रश्न. खालचा चहावाला मुलीचं लग्न जमलं म्हणून पेढे घेऊन आला, तर त्याला विचारलं, “याद्या झाल्या का?” तो म्हणाला, झाल्या. “मग सेव्ह झालं,” म्हणून पेढा तोंडात टाकला. आम्ही तिघं ड्राफ्ट्समन मागे त्यांच्या नकला करायचो. त्या वचनात काही वावगं आहे असं तेव्हा कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

पण भाऊंची खरी विद्या कॉम्प्युटरमध्ये नव्हती, ऑफिसच्या भिंतीवर होती. घर काढायला घेण्याआधी ते त्या घरातल्या बाईला बोलावून घ्यायचे. पुरुष म्हणायचे, “तिला काय कळतं त्यातलं?” भाऊ म्हणायचे, “कळत नसेल, पण हात पुरायचा तिचा आहे.” मग त्या बाईला भिंतीपाशी उभं करायचं, हात वर करायला लावायचा, आणि तो सहज जिथवर पोचेल तिथे पेन्सिलने रेघ मारून नाव लिहायचं. त्या रेघेवर स्वयंपाकघरातली वरची कपाटं ठरायची. हात सैल सोडून थोडा पुढे धरला की दुसरी रेघ, ती जिन्याच्या कठड्याची. सॉफ्टवेअरमधलं कपाट आणि कठडा उंच गोऱ्या बाईच्या मापाचे असायचे. आम्ही ते एकेक ओढून खाली आणायचो. “कठडा डोळ्यांनी काढू नको, हातानं काढ,” असं ते मला सांगायचे, आणि खरोखर पाठवायचे गावात, लोकांचे कठडे धरून बघायला. मी कितीतरी अनोळखी जिने विनाकारण चढले-उतरले आहे. चोर समजून एका आजीबाईंनी एकदा मला खालीच अडवलं होतं. ती भिंत म्हणजे आमची जत्राच होती. वर वर उंच बायका, मध्ये गर्दी, आणि सगळ्यांत खाली एकच रेघ. ती माझ्या आईची.

आई फारच ठेंगणी होती, आणि डावरी होती. डाव्या हाताने वाढायचं नाही, डाव्या हाताने द्यायचं नाही, हे लहानपणापासून ऐकून तिला एक सवय लागली होती. परक्या घरात गेली की डावा हात पदराखाली घ्यायची आणि उजव्याने अवघडत कामं करायची. आणि आमचं सगळं आयुष्य परक्याच घरात चाललं होतं. जळगावात दोन खोल्या भाड्याने, मालकीणबाईंचं लक्ष सारखं स्वयंपाकघरात. त्या घराचा मुख्य नियम म्हणजे भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे वडिलांचा फोटो कधी टांगताच आला नाही. ट्रंकेवर, भिंतीला टेकवून उभा असायचा. पाल गेली की पडायचा. आई उचलून, पदराने पुसून पुन्हा टेकवायची आणि म्हणायची, “आपलं घर व्हऊ दे, मंग तुले पक्का बसाडसू.” हे ती फोटोला सांगायची.

वडिलांनी मागे घेऊन ठेवलेला एक लहानसा प्लॉट गावाबाहेर होता. त्याचे बिनशेतीचे कागद रखडले होते. भाऊंना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, “कागद होतील तेव्हा होतील. घर आज करू. घरात आधी डोळ्यांनी राहायचं, मग पायांनी.” आणि त्यांनी आईला ऑफिसात बोलावलं. आईने इरकल नेसलं होतं, जशी काही लग्नालाच निघाली होती. भिंतीवर रेघ मारून झाली. मग आम्ही दोघांनी ते घर काढायला घेतलं, रोजचं काम संपलं की थोडं थोडं. आत शिरल्यावर डाव्या हाताला स्वयंपाकघर. कपाटांच्या मुठी डाव्या हाताला येतील अशा. वरची कपाटं इतकी खाली की मला ती बाहुलीच्या घरातली वाटायची. जिन्याच्या कठड्याला धरायला दोन आडवे नळ, एक नेहमीच्या उंचीवर आणि त्याच्या खाली दुसरा, आईच्या हाताचा. गच्ची सपाट, पापड-कुरडया वाळवायला, आणि तिथे सावलीला बसता यावं म्हणून जिन्याच्या तोंडावर एक छोटं कौलारू छप्पर. अमेरिकेच्या त्या छपराचा एवढाच तुकडा आम्ही ठेवला. भाऊ आईला अक्का म्हणायचे. म्हणाले, “ही अक्कांची टोपी.”

घर झालं त्या दिवशी आईला पुन्हा बोलावलं. भाऊंनी पडद्यावर दरवाजा आणला, स्वतःच्या चपला काढल्या, आणि माउस उचलून आईच्या डाव्या बाजूला ठेवला. ते मी कधी विसरणार नाही. आईने आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर डावा हात उघडपणे पुढे केला असेल. बटण दाबलं की चित्र एक पाऊल पुढे सरकायचं, मग पुन्हा थोडं थांबायचं. आई तशी पावलापावलाने तिच्या घरात गेली. स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी थांबली आणि विचारलं, “भाऊ, खिळा कोठे शे?” मला हसू आलं. भाऊंना नाही आलं. त्यांनी विचारलं, “कशाला अक्का?” आईने सांगितलं. भाऊ खुर्ची ओढून बसले आणि त्या भिंतीवर, आईच्या हाताच्या उंचीवर, एक एवढासा गोल दांडा काढला, पुढे थोडा उचललेला. नुसत्या खिळ्याला त्यांनी चहा गार होईपर्यंत वेळ दिला. “सेव्ह केलं,” म्हणाले. “अक्का, हे घर तुमचं. असं दुसरं जगात होणार नाही.”

त्या हिवाळ्यात ते आमच्याकडे भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या खायला आले. आईने त्यांना डाव्या हाताने वाढलं. मालकीणबाई दारातून बघत होत्या, तरी वाढलं. भाऊ म्हणाले, “अक्का, हा हात आता पदराखाली घ्यायचा नाही,” आणि आणखी पुरी मागितली. पुढची दोन-तीन वर्षं आई त्या घरात डोळ्यांनी राहिली. लोणच्याची बरणी कुठल्या कपाटात, तिखटाचा डबा कुठे, जिन्याखाली गहू ठेवायचे की नाही, हे सगळं तिचं ठरलेलं होतं. भाजी चिरता चिरता ती मध्येच एखादी वस्तू जागची हलवायची. “डाळनं डबडं खालच्या कपाटमा ठेवसू,” म्हणायची, आणि मला ते कपाट दिसायचं.

एका वर्षी दोंडाईच्याहून वास्तुशांतीचं आमंत्रण आलं. तिथले मिरचीचे व्यापारी, त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांची बायको आईच्या माहेरची, लांबच्या नात्यातली. घर थ्रीडीभाऊंनीच काढलंय हे मला माहीत होतं. ते त्यांनी स्वतः हातात घेतलं होतं. मी तेव्हा पाचोऱ्याच्या एका जिनिंगच्या कामाची मापं घ्यायला रोज पॅसेंजरने जात होते, त्यामुळे ते घर मी पाहिलं नव्हतं. भाऊ पुढे जीपने गेले. मी आणि आई सुरतेच्या गाडीने दोंडाईच्याला उतरलो. हवेत मिरचीचा खाट, शिंकत शिंकतच रिक्षात बसलो. वळणावर आबांचं घर लांबून दिसलं आणि मी आईचा हात धरला. गच्चीवर, जिन्याच्या तोंडावर, एक छोटं कौलारू छप्पर होतं.

मी स्वतःची समजूत घातली. छप्पर एखाद्याला आवडतं, दुसऱ्याकडेही होतं. मांडवात भाऊंना मानाने बसवलं होतं. आबांनी त्यांना टॉवेल-टोपी केली, नारळ दिला, कुंकू लावलं. आम्हाला बघून ते उठून पुढे आले, अगदी मनापासून आनंदाने. “या अक्का, या! घर पाहा ना. चपला काढून या बरं का.” माझ्या आईला ते असं म्हणाले. त्यांचं तेव्हाचं तोंड आठवून मी पुढे कितीदा तरी त्यात लबाडी शोधली. ती नव्हती. असती तर बरं झालं असतं.

आई आत गेली आणि कुणाला न विचारता डावीकडे वळली. तिथे न्हाणी होती. “आठे तं मोरी शे,” ती स्वतःशीच म्हणाली, गोंधळून. मग हळूच मान वळवून उजवीकडे बघितलं. मी मागोमाग होते, मला तिच्या आधी कळलं. आरशात उभं केल्यासारखं आमचं घर समोर होतं. सॉफ्टवेअरमध्ये मिरर नावाची एक कमांड असते. सगळं चित्र निवडायचं आणि ती दाबायची, डावं उजवं होतं. आईची सगळी डावी बाजू उजवी झाली होती. मुठी उजव्या हाताच्या. बाकी इंचाचा फरक नव्हता. जिन्याला दोन नळ होते आणि खालच्या नळाला दोन पोरं माकडासारखी लोंबकळत होती. आबांचं सगळं घर उंचापुरं. त्यांची सूनबाई आम्हाला कपाटं दाखवायला आली, तिच्या कपाळावर टेंगूळ होतं आणि त्यावर हळद लावलेली. “काय सांगू मावशी,” ती हसत म्हणाली, “कपाटं इतली खाले शेतस की रोज डोकं आपटस. पन हाई नवी फॅशन शे म्हने.”

आणि भिंतीवर खिळा होता. नकाशात होता म्हणून मिस्त्रीने तो इमानाने बसवला होता, पितळी, पुढे थोडा उचललेला, त्या घरातल्या लोकांच्या हनुवटीला येईल इतका खाली. त्यावर कुणाची तरी छत्री लटकत होती. सूनबाई म्हणाली, “हाऊ कशाले ठोकेल शे कोनले ठाऊक.” आई त्या भिंतीपाशी गेली. तिचा डावा हात वर आला आणि बरोबर खिळ्यावर पोचला, रेघेवर पोचायचा तसा. छत्री बाजूला करून तिने खिळा दोन बोटांत धरला. मग हात काढून घेतला आणि पदराखाली नेला. त्या घरात, जे तिचं होतं, तिने डावा हात पदराखाली घेतला. मला तिथेच ओरडून रडावंसं वाटलं. बाहेर ताशा वाजत होता.

वरण-बट्टीची पंगत बसली, वांग्याची घोटलेली भाजी आली. लोकांच्या शुभकार्यात उठून जाऊ नये म्हणून आई जेवली, ताटात काही न टाकता जेवली. आबांच्या बायकोची ओटी भरावी म्हणून नेलेलं खण-नारळ तिने त्यांच्या हातात दिलं. स्वतः विधवा म्हणून ओटी भरली नाही. घर छान झालं असंही म्हणाली. त्या माणसांचा काही दोष नव्हता, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. परतीच्या गाडीत नरडाणा स्टेशन मागे पडल्यावर ती म्हणाली, “पोरी, आपलं घर उष्टं व्हई गये.” एवढंच. देवाच्या आधी कुणी नैवेद्याला तोंड लावलं तर पुन्हा सगळा स्वयंपाक करणारी बाई होती ती. त्यापुढे मी तिला काय समजावणार होते?

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले आणि सरळ भाऊंसमोर उभी राहिले. “भाऊ, दोंडाईच्याचं घर माझ्या आईचं आहे.”

“अगं, तिच्या घरावरूनच केलं ते,” भाऊ म्हणाले. लपवायचं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. “आबांना मुहूर्त गाठायचा होता, प्लॉटचं माप तेवढंच, फक्त गल्ली दुसऱ्या बाजूला. एक मिरर मारला. काम झालं.”

“तुम्ही तिला म्हणाला होता, असं दुसरं होणार नाही.”

“बेटा, घर काय, पिठलं काय, एकदा जमलं की चार जणांना वाढावं. अक्कांचं त्यात कमी काय झालं? फाईल आहे ना आपल्याकडे.”

“आपल्याकडे म्हणजे कुणाकडे?”

त्यांनी माउस बाजूला सारला. मग नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाले, “ऑफिसात केलेलं ऑफिसचं. सेव्ह केलं ते आपलं.”

माझी नजर मागच्या भिंतीवर गेली. नावं वाचत गेले. आबांच्या बायकोचं नाव त्यात नव्हतं, सुनेचंही नव्हतं. त्या उंच बायकांना त्यांनी भिंतीपाशी उभंच केलं नव्हतं. म्हणजे ज्यांच्यासाठी घर काढलं त्यांच्याशीही ते खरं वागले नव्हते. हा माणूस मला हाताने कठडा काढायला शिकवत होता. मी म्हणाले, “तुम्ही तिच्या हातचं भरीत खाल्लंत, भाऊ.” बाकीचे दोघं ड्राफ्ट्समन पडद्यात तोंड घालून बसले होते.

भाऊंनी चष्मा काढला. पुसून पुन्हा घातला. मला वाटलं, आता बोलतील. “खिळा काढायचा राहिला,” ते म्हणाले. “ती माझी चूक झाली. घाईत लक्षात आलं नाही.”

ते अगदी प्रामाणिकपणे माफी मागत होते, आणि भलत्याच गोष्टीची. त्यांनी आईला पैशाला लुबाडलं असतं तर मी भांडले असते. हे असं होतं की भांडायला समोर माणूसच नव्हता. मी टेबलाखालून माझ्या चपला घेतल्या आणि बाहेर पडले. काही दिवस मला वाटत होतं, ते घरी येतील, आईपुढे बसतील. ते आले नाहीत. मी पुढे धुळ्याच्या एका ऑफिसात लागले, रोज एसटीने ये-जा करायची. रस्ताभर मी त्यांच्याशी मनात भांडायचे, आणि पारोळ्यापर्यंत दरवेळी जिंकायचे.

प्लॉटचे कागद त्यानंतर वर्षभराने हातात आले. मी आईला म्हणाले, नवं घर काढू, अगदी वेगळं. ती म्हणाली, “पडदावर नको. मी दाखाडसू तठे बांध.” आणि तसंच बांधलं. आई प्लॉटवर उभी राहायची, डावा हात वर करायची, गवंडी खडूने खूण करायचा. स्वयंपाकघर डाव्या हाताला, कपाटं खाली, जिन्याला दोन नळ. ते सगळं तिला पाठ होतं, पडदा कशाला हवा होता. फक्त खिळ्याचं ती काही बोलली नाही. मला वाटलं, शेवटी सांगेल.

आमच्या वास्तुशांतीला कुणाकुणाला बोलवायचं हे ठरवताना आई म्हणाली, “थ्रीडीभाऊले बलाव.” मी नाही म्हणाले. ती म्हणाली, “पहिल्यांदा माले घर त्यानीच दाखाडं व्हतं. बलाव.” मी तोंड वाकडं करून निरोप पाठवला. येणार नाहीत अशी माझी खात्री होती. ते आले. थकलेले दिसत होते. चपला त्यांनी पार बाहेर, फाटकापाशी, रस्त्यावरच काढल्या आणि उन्हात तापलेल्या फरशीवरून अनवाणी आत आले. उंबऱ्यातून सरळ डावीकडे वळले. त्यांनाही पाठ होतं. कपाटांवरून हात फिरवला, मूठ धरून पाहिली, आणि भिंतीपाशी जाऊन थांबले. तिथे खिळा दिसेना, म्हणून त्यांनी तळहाताने भिंत चाचपली. भिंत गुळगुळीत होती.

“अक्का,” त्यांनी विचारलं, “खिळा कुठे आहे?”

आई पाहुण्यांना मठ्ठा वाढत होती, डाव्या हाताने. तिने पळी थांबवली नाही. “तो ते दोंडाईचाले ठोकेल शे, भाऊ,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. एखादी वस्तू कुठे ठेवली ते सांगावं, तसं तिने सांगितलं. भाऊंचा हात भिंतीवर तसाच राहिला. मग ते पंगतीत बसले, थोडं जेवले, आईच्या पाया पडले आणि उठले. फाटकापाशी चपला घालायला त्यांना वेळ लागला, अंगठा सारखा बाहेर राहत होता. मी दारात उभी होते, पण पुढे झाले नाही. त्यानंतर ते मला भेटले नाहीत. ऑफिस बंद करून मुलाकडे गेले आणि तिकडेच वारले, असं मागाहून कळलं. मला रडू आलं याचाच मला राग आला.

मी अजून घरं काढते. माझ्याही ऑफिसच्या भिंतीवर बायकांच्या रेघा आहेत, आणि पडद्यावर कुणाचं घर उघडलं की माझा पाय आपोआप चपलेतून बाहेर येतो. हे त्यांनी दिलेलं आहे, ते मला परत करता येत नाही. एकाचं घर मी दुसऱ्याला दिलेलं नाही, हेही त्यांनीच शिकवलं म्हणायचं. आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. वडिलांचा फोटो शेवटपर्यंत ट्रंकेवरच होता. आता शेजारी तिचाही आहे. दोन्ही भिंतीला टेकवून उभे असतात, पाल गेली की पडतात, मी उचलून पुसते आणि पुन्हा टेकवते. भिंत आमची आहे. खिळा ठोकायला आता कुणाला विचारावं लागत नाही.